पॉइंट फोर्टी-फाइव्ह, मुक्काम मारिकीना

ह्यूस्टनच्या बाहेर हायवेला लागून असलेल्या त्या दुकानात काचेच्या काउंटरखाली पन्नास-साठ पिस्तुलं ओळीनं मांडली होती. बहुतेक सगळी काळी, चौकोनी, प्लास्टिकच्या मुठीची. भाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, ही सगळी प्रिंटरच्या टोनरसारखी दिसतात." मग त्यानं बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या तीन पिस्तुलांकडे. राखाडी पोलाद, लाकडी मूठ, मागे उठून दिसणारा घोडा. जुन्या युद्धपटांत अधिकाऱ्याच्या कमरेला असतं ते.

पहिलंच पिस्तूल घ्यायचं होतं त्याला. आठ वर्षं तो एच-वन-बी व्हिसावर होता. त्या व्हिसावर शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर अमेरिकेत बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीन कार्ड आलं आणि महिनाभरात हा विषय निघाला. अटी दोनच: दिसायला जुनं हवं, आणि खिशाला परवडायला हवं. मी सुट्टीवर गेलो होतो. आयुष्यातली एकतीस वर्षं पिंपरीच्या एका टूलरूममध्ये गेली, म्हणून सल्ल्याला मला नेलं. बंदुकीतलं मला काही कळत नाही, पण दोन धातूचे भाग एकमेकांत कसे बसलेत ते कळतं.

विक्रेत्यानं पहिलं पिस्तूल उचललं, मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून अडकवली, नळीच्या मागच्या घरात आधी डोळा आणि मग करंगळी घालून ते रिकामं असल्याची खात्री केली आणि तसंच उघडं भाच्याच्या हातात दिलं. भाच्यानं माझ्याकडे दिलं, तेव्हा विक्रेत्यानं मलाही पुन्हा करंगळी घालायला लावली. दोन सेकंदांपूर्वी आम्ही दोघांनी पाहिलेलं असलं तरी. ही शिस्त मला आवडली. आमच्याकडे प्रेसवर हात घालण्याआधी मेन स्विच स्वतः बघायचा, दुसऱ्याच्या शब्दावर नाही, तशीच.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वजन. रिकामं असताना साधारण अकराशे ग्रॅम, म्हणजे किलोचं माप आणि वर थोडं. नळी पाच इंचाची. मूठ मात्र चपटी, त्यामुळे लहान हातालाही जड असूनही मोठं वाटत नाही. अमेरिकन लोक याला नुसतं 'नाइन्टीन इलेव्हन' म्हणतात. हे मॉडेलचं नाव आहे आणि अमेरिकी लष्करानं ते स्वीकारलं ते सालही: २९ मार्च १९११. तेव्हापासून १९८५पर्यंत, बेरेटा येईस्तोवर, हेच त्यांचं अधिकृत पिस्तूल होतं. यंत्रांच्या दुनियेत चौऱ्याहत्तर वर्षं एका जागी टिकणं म्हणजे काय, ते लेथवर काम केलेल्याला विचारा.

मी ते उलटंपालटं करून बघत होतो. चौकटीवर बारीक अक्षरांत देशाचं नाव कोरलं होतं: फिलिपिन्स. दुसऱ्यावर तुर्की. तिसरं कोल्टचं, अस्सल अमेरिकन, आणि किमतीची चिठ्ठी इतर दोघांच्या दुपटीहून जास्त. भाच्याला वाटलं, फिलिपिन्सचं म्हणजे नक्कल. मला मात्र तिथंच थांबावंसं वाटलं, कारण या पिस्तुलाची गोष्ट फिलिपिन्समध्येच सुरू होते.

१८९८च्या युद्धात स्पेनचा पराभव झाला आणि फिलिपिन्स अमेरिकेकडे आलं. तिथल्या लोकांना मालक बदलून नको होता, मालकच नको होता. उत्तरेतली लढाई काही वर्षांत दडपली गेली. दक्षिणेत, सुलू बेटांवर आणि मिंदानाओत, मोरो मुसलमान १९१३पर्यंत झुंजत राहिले. त्यांच्यातले काहीजण मरणाची शपथ घेऊन, हातात लांब पातं घेऊन सरळ शत्रूच्या अंगावर धावत. स्पॅनिश लोकांनी त्यांना 'हुरामेंतादो' म्हणजे शपथ घेतलेला असं नाव ठेवलं होतं. अमेरिकी अधिकाऱ्यांकडे तेव्हा .३८ बोअरचं रिव्हॉल्व्हर असे. तक्रार अशी की गोळ्या लागूनही माणूस थांबत नाही. मग गोदामात पडलेली जुनी .४५ची रिव्हॉल्व्हरं परत काढून बेटांवर पाठवण्यात आली.

बंदूकशौकिनांच्या गप्पांत ही गोष्ट फार तिखटमीठ लावून येते. त्यातली लष्करी डॉक्टर लुई ला गार्द यांनी नोंदवलेली हकीकत खरी आहे. ऑक्टोबर १९०५मध्ये सामार बेटावर आंतोनियो कास्पी नावाचा कैदी पळायला बघत होता. झटापटीत त्याच्यावर अगदी जवळून .३८च्या चार गोळ्या झाडल्या गेल्या. तो पडला नाही. शेवटी बंदुकीचा दस्ता कपाळावर बसला तेव्हा भोवळ येऊन कोसळला. पुढच्या महिन्यात दवाखान्यातून बरा होऊन बाहेरही आला. गंमत अशी की सामार मोरो मुलखात नाही, मध्य फिलिपिन्समध्ये आहे. आणि कास्पीला जे थांबवू शकलं ते कुठलंही मोठ्या बोअरचं काडतूस नव्हतं. शिवाय १९११चं पिस्तूल तिथं पोहोचेस्तोवर मोरो लढाई जवळजवळ आटोपली होती. 'मोरोंना थांबवणारं पिस्तूल' ही ख्याती त्याला मागाहून चिकटली.

आणि सुलू बेटांवर मार्च १९०६मध्ये बुद दाहो नावाच्या निवलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात आसरा घेतलेल्या शेकडो मोरोंना, बायका-मुलांसकट, अमेरिकी फौजेनं मारलं. मार्क ट्वेननं त्यावर अतिशय कडवट लिहिलं, पण ते त्याच्या हयातीत छापून आलं नाही. थांबत नाहीत ही तक्रार एका बाजूची होती, एवढं लक्षात असू द्यावं.

तक्रारीवरून चाचण्या निघाल्या. १९०४मध्ये ला गार्द आणि जॉन थॉम्प्सन हे दोन अधिकारी शिकागोच्या कत्तलखान्यात गेले आणि जिवंत गुरांवर, शिवाय इतरत्र प्रेतांवर, वेगवेगळ्या बोअरच्या गोळ्या झाडून त्यांनी परिणाम लिहून काढले. हाच थॉम्प्सन पुढे 'टॉमी गन'मुळे प्रसिद्ध झाला. वाचताना अंगावर काटा येतो, आणि शास्त्र म्हणूनही ते काम तसं ढिसाळच. पण निष्कर्ष ठाम होता: लष्कराचं पिस्तूल .४५पेक्षा लहान नको. म्हणजे ११.४३ मिलिमीटर. आजही तीच गोळी: वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण अडीचशे मीटर. जड आणि संथ. नऊ मिलिमीटरची गोळी याच्या निम्म्या वजनाची, पण बरीच वेगवान.

आता हे पिस्तूल घडवणारा माणूस. जॉन मोझेस ब्राउनिंग, जन्म १८५५, युटामधलं ऑग्डन गाव, मॉर्मन पंथाचं घर. बाप बंदुका दुरुस्त करणारा. पोरगा त्याच दुकानात भंगारातून बंदूक जोडत मोठा झाला. पुढं विंचेस्टरच्या रायफली, मशिनगन, पिस्तुलं, काय काय या एका माणसाच्या हातून निघालं याची यादी करत बसलं तर लेख तिथंच संपेल. १९२६मध्ये बेल्जियममधल्या एर्स्ताल इथल्या कारखान्यात, नव्या पिस्तुलावर काम चालू असतानाच, हृदय बंद पडून गेला. कारागिराला याहून वेगळं मरण कुठलं मागावं, कोण जाणे.

त्यानं या पिस्तुलात सोडवलेला प्रश्न मला विक्रेत्यानं ते काउंटरवर खोलून दाखवलं तेव्हा कळला. जड गोळी सुटताना नळीत दाब असतो; तो असेपर्यंत मागचं दार उघडता कामा नये, आणि नंतर मात्र आपोआप उघडायला हवं. ब्राउनिंगनं नळीच्या पाठीवर आडव्या कडा ठेवल्या, त्या स्लाइडच्या आतल्या खाचांत बसतात. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकांना धरून काही मिलिमीटर मागे सरकतात. नळीच्या पोटाशी एक छोटी कडी आहे, झोपाळ्याच्या कडीसारखी खिळीवर फिरणारी. नळी मागे आली की ही कडी तिचं बूड खाली ओढते, कडा खाचांतून सुटतात, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना रिकामी पुंगळी बाहेर भिरकावते, घोडा मागे पाडते, आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येताना मॅगझिनमधून नवं काडतूस उचलून नळीत सारते. हे सगळं पापणी लवायच्या आत. कडी बोटाच्या पेराएवढीही नाही. मी ती कितीतरी वेळ अंगठ्यानं हलवत राहिलो. विक्रेत्याला वाटलं असेल म्हातारा घेतोय बहुतेक.

घोड्याबद्दल सांगायला हवं. मराठीत बंदुकीचा घोडा म्हणजे मागून आपटणारा तो भाग आणि बोटानं ओढतो तो चाप. पण 'घोडा दाबला' असं चापालाही सर्रास म्हणतात, आणि मुंबईच्या गुंडांनी तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा करून टाकलं. काउंटरमधल्या त्या प्लास्टिकवाल्यांना बाहेर घोडाच नाही. १९११चा घोडा दिसतो, आणि तो आधी मागे पाडलेला असल्याशिवाय चाप काम करत नाही. म्हणून हे बाळगायची ठरलेली रीत म्हणजे घोडा मागे पाडलेला आणि अंगठ्याचं कुलूप लावलेलं. नवख्याला ते बघूनच धडकी भरते. भाच्यालाही भरली. पण मुठीच्या मागे एक पट्टी आहे, ती तळहातानं दाबली गेल्याशिवाय चाप हलत नाही; आणि वरचं कुलूप वेगळंच. ते कुलूप घोडदळानं मागून घेतलं होतं: एका हातात लगाम, बिथरलेलं जनावर, दुसऱ्या हातात भरलेलं पिस्तूल, अशा वेळी ते नुसत्या अंगठ्यानं सुरक्षित करून म्यानात घालता यायला हवं. घोड्यावरच्या माणसासाठी म्हणून त्या पिस्तुलाला घोड्याचं कुलूप आलं. मराठीतच होणारा विनोद आहे हा, भाच्याच्या मुलीला तो इंग्रजीत सांगून बघितला, जमला नाही.

लष्कराची शेवटची परीक्षा मार्च १९११मध्ये झाली. कोल्ट कंपनीनं बनवलेलं ब्राउनिंगचं पिस्तूल विरुद्ध सॅव्हेज कंपनीचं. प्रत्येकातून सहा हजार गोळ्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुढे सुरू. सॅव्हेज सदतीस वेळा अडलं. कोल्ट एकदाही नाही.

पुढे दोन महायुद्धं आली तेव्हा एकट्या कोल्टला मागणी पुरवणं शक्य नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात सर्वांत जास्त पिस्तुलं कोणी बनवली असतील? रेमिंग्टन रँड या टाइपरायटर कंपनीनं, नऊ लाखांच्या घरात. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलनंही बनवली. शिलाई यंत्राच्या सिंगरनं प्रयोग म्हणून फक्त पाचशे बनवली. त्यातलं एक २०१७मध्ये लिलावात चार लाख डॉलरच्या वर गेलं. माझ्या आईचं सिंगर मशीन आम्ही भंगारवाल्याला दिलं होतं, ती गोष्ट वेगळी.

मला यात रस आहे तो एवढ्यासाठी: टाइपरायटरच्या कारखान्यात बनलेला भाग कोल्टच्या पिस्तुलात बसायला हवा, ही अट होती. त्यामुळे मापं काटेकोर लिहिली गेली, आणि दोन भागांमधली सूटही जरा सढळ ठेवली गेली. चिखल, वाळू गेली तरी चालायला हवं. फिलिपिन्सचं ते पिस्तूल मी कानाशी धरून हलवलं तर आत बारीक खुळखुळ ऐकू आली. भाचा म्हणाला, "मामा, सैल आहे हो हे." सैल नाही, मोकळं आहे. दिमाखदार, घट्ट बसवलेली १९११ मिळतात. त्यांना तीन-चार हजार डॉलर मोजायचे आणि वर त्यांच्या काडतुसांच्या आवडीनिवडीही सांभाळायच्या. पहिल्या पिस्तुलात हा लाडावलेला जावई कशाला?

तर मारिकीना. मनिला महानगरातलं शहर, साऱ्या फिलिपिन्समध्ये चपला-बुटांसाठी प्रसिद्ध. आपल्याकडे कोल्हापूरचं नाव निघतं तसं. इमेल्दा मार्कोसच्या बुटांचं संग्रहालयही तिथंच आहे. याच शहरात ते पिस्तूल बनवणाऱ्या आर्म्सकोरचा कारखाना. कंपनीचं मूळ मनिलातलं, दोन परदेशी भागीदारांनी १९०५मध्ये काढलेलं स्क्वायर्स बिंगहॅम नावाचं दुकान, शिकारीचं आणि खेळाचं सामान विकणारं. १९०५ म्हणजे तिकडे सामारला कास्पी गोळ्या खाऊन उभा होता तेच साल. पुढे दुकान एका फिलिपिनो कुटुंबाकडे आलं, १९५०च्या दशकात बंदुका बनू लागल्या, आणि १९८०मध्ये आर्म्सकोर हे नाव पडलं. आज जगात सर्वांत जास्त १९११ बनवणाऱ्या कारखान्यांत त्याची गणना होते. ब्राउनिंगची पेटंटं संपून जमाना लोटला, नकाशे सगळ्यांना उपलब्ध आहेत, सीएनसी यंत्रं आहेत, मजुरी अमेरिकेपेक्षा कमी आहे. त्या बेटांवर कारागिरीही जुनी आहे: सेबू बेटावरच्या दानाओ गावात घरामागच्या शेडमध्ये कानशीनं घासून बेकायदा पिस्तुलं बनवणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या पिस्तुलांना 'पालतिक' म्हणतात.

अमेरिकेत मारिकीनाचा माल 'रॉक आयलंड आर्मरी' नावानं विकला जातो. ऐकून वाटावं, मिसिसिपी नदीतल्या रॉक आयलंडवरच्या सरकारी शस्त्रशाळेचंच. तिचा याच्याशी काही संबंध नाही. नाव एका खासगी अमेरिकन कंपनीकडून विकत घेतलेलं. 'स्प्रिंगफील्ड आर्मरी'चंही तसंच: सरकारी स्प्रिंगफील्ड १९६८मध्ये बंद झालं, आजची कंपनी खासगी आहे, आणि तिच्या १९११चं बरंचसं काम ब्राझीलमध्ये होतं. आणि अस्सल अमेरिकन कोल्ट? तिची मालकी २०२१पासून चेक लोकांकडे आहे. या धंद्यात देशप्रेम नावात असतं, चौकटीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावी लागतात.

निवडीचं म्हणाल तर प्रश्न उरला होता दोनांचा. तुर्कीचं तिसास, त्राब्झोनमधला कारखाना, चारशे डॉलरच्या आसपास. आणि मारिकीनाचं, थोडं जास्त, पाचशेच्या आत. विक्रेत्याचं मत तिसासच्या बाजूनं, कारण त्याची चौकट घडाईची आणि मारिकीनाची ओतीव. ओतीव म्हटलं की भाच्याच्या डोळ्यांसमोर गटाराचं झाकण आलं. मी त्याला सांगितलं, हे ओतकाम वेगळं. मेणाचा नमुना करून त्यावर लेप चढवायचा, मेण वितळवून पोलाद ओतायचं. पंचधातूची मूर्ती घडते त्याच जातीची रीत. शिवाय या रचनेत दाब झेलतात ते नळी आणि स्लाइड. चौकट धक्का खाते, स्फोट नाही. दोन्ही ठीक होती. माझं मत विचाराल तर तुर्कीच्या पिस्तुलावर हत्याराच्या खुणा कमी होत्या, कडा जास्त सफाईनं मारल्या होत्या. गुण द्यायचे तर मी त्याला जास्त दिले असते. भाच्यानं मारिकीनाचं घेतलं. मघाशी काउंटरवर मी जी फिलिपिन्सची कथा लावली होती, तिचा हा परिणाम, याची जबाबदारी माझ्यावर येते.

दिसण्यावरून निवडणाऱ्यानं तीन गोष्टी आधी बघाव्यात, त्या मी नंतर शिकलो. जुन्या धाटणीच्या मॉडेलवर नेम धरायची माशी आणि मागची खाच इतकी बारीक असते की माझ्यासारख्या साठीच्या डोळ्यांना ती दिसतच नाही. लष्करी राखाडी-काळा मुलामा फॉस्फेटचा असतो, तेल धरून ठेवतो, घामाला पुरतो. चकचकीत निळा जास्त देखणा, पण बोटांचे ठसेसुद्धा सांभाळावे लागतात. आणि .४५ची काडतुसं नऊ मिलिमीटरपेक्षा बरीच महाग. सरावाला महिन्याला दोनशे झाडली तरी वर्षात पिस्तुलाच्या किमतीहून जास्त पैसा काडतुसांत जातो. हेच पिस्तूल नऊ मिलिमीटरमध्येही मिळतं, धक्काही कमी. भाच्याला ते सांगितलं तर म्हणाला, "मामा, पुरणपोळीत गुळाऐवजी स्टीव्हिया घालायचा का?" निरुत्तर झालो.

खरेदी मात्र फार साधी. एक सरकारी फॉर्म, ४४७३ क्रमांकाचा: नाव, जन्मतारीख, गुन्हा, व्यसन, नागरिकत्व. दुकानदारानं माहिती एफबीआयच्या यंत्रणेला कळवली, आम्ही कॉफी संपवेपर्यंत होकार आला. आपल्याकडे आधी परवान्यासाठी पोलीस आणि कचेऱ्यांचे हेलपाटे, मग शस्त्र. माझ्या मनाला आपलीच पद्धत पटते, हे मी तिथं बोललो नाही, पाहुणा होतो. घरी मात्र भाचेसुनेनं एकच अट घातली, आणि ती कायद्यापेक्षा कडक होती: आधी लोखंडी तिजोरी भिंतीत बसेल, मग डबा घरात येईल. मुलगी सात वर्षांची आहे. त्यामुळे पिस्तूल दुकानात चार दिवस जास्त राहिलं.

मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल. टेबलावर टॉवेल, टॉवेलवर सगळे भाग खोलून मांडलेले. नळीखालच्या स्प्रिंगचं टोपण काढताना त्याच्या अंगठ्याखालून सुटलं होतं आणि फ्रिजच्या दारावर आपटून कुठंतरी गेलं होतं. ते तासाभरानं सापडलं. पण फोन त्यासाठी नव्हता. पुन्हा जोडताना डाव्या बाजूची स्लाइड अडवायची कळ शेवटी आत सारावी लागते. ती वर नेताना एका स्प्रिंगवाल्या टाचणीपाशी अडते. तिथं थोडी बाहेर धरून अलगद उचलायची असते. त्यानं चौकटीवर टेकवून जोरात वर ढकलली. भोकापासून वरपर्यंत कमानीसारखा ओरखडा. या ओरखड्याला अमेरिकेत रीतसर नाव आहे, 'मूर्खाचा ओरखडा', इतक्या नवख्यांनी तो काढलाय.

त्यानं फोन जवळ नेला. राखाडी थर गेला होता आणि खालून पांढरं पोलाद चमकत होतं.

"विकताना शंभर डॉलर कमी येतील का हो मामा?"

"विकणार आहेस?"

"नाही."

"मग तेल लाव त्याला आजच. ह्यूस्टनच्या हवेत उद्यापर्यंत तांबूस होईल."